एका स्टारला उत्तर: आयसी डुप्लिकेट नव्हती, उलटी बसली होती

नमस्कार बाब. तुमचा रिव्ह्यू काल रात्री दुकान बंद केल्यावर वाचला, दोनदा वाचला. तुमचं म्हणणं असं, की मंडळाच्या नरकासुराच्या (दिवाळीला जाळतात त्या पुतळ्याच्या) डोळ्यांसाठी आमच्या फोंड्याच्या दुकानातून 595 च्या (एलईडी पाळीपाळीने पेटवणाऱ्या चिपच्या) तीन आयसी घेतल्या, मागितल्या साध्या आणि मिळाल्या बारक्या, बोर्डाच्या पृष्ठभागावर सोल्डर करायच्या एसएमडी, वर अ‍ॅडाप्टर बोर्ड गळ्यात मारले, पहिली आयसी एवढी तापली की बोटाला चटका बसला, दुसरीवर एलईडी भूत लागल्यासारखे आपोआप पेटतात, परत द्यायला आलात तर काउंटरवरचा पोरगा उर्मट बोलला, आणि शेवटी 'नरकासुर जळायच्या आधी यांची आयसी जळते, सगळा डुप्लिकेट माल'. शेवटच्या वाक्याला मला हसू आलं, खोटं कशाला बोलू, पण बाकीचं हसण्यासारखं नाही.

आधी आमची चूक. तुम्ही 'पाचशे पंच्याण्णव द्या' म्हणालात, डिपवाल्या, म्हणजे लांब पायांच्या साध्या, संपलेल्या (दिवाळीच्या आधी दर वर्षी संपतात, गावागावात नरकासुर, प्रत्येकाला डोळे फिरणारे पाहिजेत), आणि पोराने न विचारता एसएमडी काढून दिली. विचारायला पाहिजे होतं. आणि 'सोल्डर करता येत नाय तर घेता कशाला' हे तो बोललाय, मी विचारलं तर कबूल झाला. त्याबद्दल मनापासून सॉरी, त्यात माझं काही स्पष्टीकरण नाही.

पण डुप्लिकेट म्हणालात ते मात्र मी मान्य करणार नाही, कारण तुम्हीच टाकलेला फोटो झूम करून बघितला. पहिल्या बोर्डावर 1 आकडा वरच्या डाव्या कोपऱ्यात छापलाय आणि तुमच्या आयसीचा ठिपका खालच्या उजव्या कोपऱ्यात आहे, म्हणजे आयसी पूर्ण उलटी फिरवून बसवलीय. आता 16 पायांच्या या आयसीला प्लस येतो 16 नंबरला आणि ग्राउंड 8 ला, समोरासमोरच्या कोपऱ्यांत, त्यामुळे उलटी बसली की 16 च्या जागी 8 येतो आणि 8 च्या जागी 16, सप्लाय सरळ उलटा जातो आणि आतून जवळजवळ शॉर्ट. तापणार नाही तर काय होणार? ओरिजिनल असो की डुप्लिकेट, कुठलीही तापेल. तुमचा पण पूर्ण दोष नाही म्हणा, मोठ्या आयसीला असते तशी अर्धचंद्राची खाच या बारक्यांना बहुतेक वेळा नसते, ठिपका असतो तो पण पुसट, ट्यूबलाईटखाली तिरकी धरल्याशिवाय दिसत नाही. दुसरी खूण म्हणजे अक्षरं सुलटी वाचता येतील अशी धरली की 1 नंबरचा पाय खाली डावीकडे. मी स्वतः अजून प्रत्येक वेळी असंच बघतो.

दुसरी आयसी तुम्ही बरोबर बसवलीय, सोल्डरिंग पण वाईट नाही. या पायांमधलं अंतर 1.27 मिमी, ब्रेडबोर्डच्या (सोल्डर न करता वायरी खुपसून सर्किट जोडायच्या बोर्डाच्या) भोकांमधल्या अंतराच्या बरोब्बर निम्मं, म्हणून तो अ‍ॅडाप्टर लागतो, गळ्यात मारायला नाही दिलेला. (पूर्वी आम्ही झिरो पीसीबीचा (भोकाभोकांच्या कोऱ्या बोर्डाचा) एकेक पॅड ब्लेडने मधोमध कापून त्याच्यावर बसवायचो, डोळे जायची वेळ.) पण फोटोत 10 आणि 13 नंबरच्या पिनांना वायरच नाही. 13 म्हणजे आउटपुट चालू करणारी, ती ग्राउंडला पाहिजे, 10 म्हणजे रिसेट, ती प्लसला पाहिजे. सीमॉस (या आयसीची जात) आयसीचा इनपुट मोकळा सोडला की तो हवेतली खुडबुड पकडतो, हात जवळ नेला तरी बदलतो, तुमचं भूत बहुतेक तेच. जमलं तर 16 आणि 8 च्या अगदी जवळ एक 104 लिहिलेला (0.1 मायक्रोफॅरडचा) कपॅसिटर पण टाका.

आणि एक, जे तुम्ही विचारलं नाही पण डोळ्यांसाठी लागणार आहे. एलईडीला तुम्ही 220 ओहमचे रेझिस्टर लावलेत, लाल-लाल-तपकिरी पट्टे दिसतात. पाच व्होल्टला लाल एलईडीचे दोन गेले, राहिले तीन, हिशोबाने एकेकाला साधारण 13 मिलीअँप, आठही एकदम पेटले की शंभराच्या वर, आणि या आयसीचं सगळं मिळून मॅक्सिमम 70. काही मिनिटं चालेल, पण मिरवायला रात्रभर ठेवणार ना तुम्ही? 470 टाका, उजेड थोडा कमी होईल पण काळोखात कोण मोजतंय. मोठे बल्ब किंवा स्ट्रिप लावायचा विचार असेल तर मध्ये 2803 ड्रायव्हर (जास्त करंट झेलणारी आयसी) पाहिजेच.

सोल्डर केलेला माल परत घेत नाही हा आमचा नियम आहे आणि तो राहणार, फर्मागुडीच्या इंजिनिअरिंग कॉलेजची पोरं प्रोजेक्टच्या सीझनला दहा दहा जळालेल्या आयसी घेऊन येतात, सगळ्यांना बदलून दिल्या तर दुकान विकावं लागेल. पण तुमच्या वेळी न विचारता दिलं ते आम्ही, म्हणून तिन्ही आयसी मी बदलून देतो, माझ्या खिशातून, आणि अ‍ॅडाप्टरवर बसवून पण देतो. संध्याकाळी चारनंतर मी असतो, पोरगा पण असेल, तो स्वतः तुमच्याशी बोलेल. डिपवाल्यांची ऑर्डर टाकलीय पण नरकासुराला सहाच दिवस उरलेत, तेवढ्यात येतील असा शब्द मी देत नाही.

रिव्ह्यू काढा म्हणून सांगत नाही, राहू दे. येताना ब्रेडबोर्ड पण आणा मात्र. फोटोत त्याच्या कडेची निळी रेघ मधे तुटलेली दिसते, तशा बोर्डात पट्टी पण बहुतेक तिथेच तुटलेली असते, म्हणजे खालच्या अर्ध्या भागाला तुमचं ग्राउंड पोचतच नसेल.