मूठ कशाची?

"साहेब, तुमचा चाकू आलाय!" अशी वॉचमननं गेटवरून हाळी दिली तेव्हा खाली कमिटीची मीटिंग चालू होती आणि विषय पार्किंगचा होता. पार्सलवर इंग्रजीत 'हँडमेड नाइफ, एक नग' असं ठळक लिहिलेलं. मी ते काखेत मारून लिफ्टपर्यंत पोचेस्तोवर सेक्रेटरींनी माझ्या जागेवरची आपली गाडी निमूट काढली. त्यासाठी मी दोन वर्षं अर्ज करत होतो. हाताने घडवलेले चाकू जमवण्याच्या छंदातून मला आजवर झालेला हा एकमेव फायदा.

छंद कसा लागला ते सांगण्यासारखं नाही. ठाण्याच्या नौपाड्यातल्या तिसऱ्या मजल्यावरच्या, बँकेत हिशेब तपासणाऱ्या माणसाला शिकारीच्या चाकूची काय गरज, हे मलाही समजावता येत नाही. शिकार म्हणून मी आयुष्यात फक्त डास मारले, तेही रॅकेटनं. पण एकदा एका कारागिराचं काम बघितलं आणि डोकं फिरलं. पोलादाची पट्टी भट्टीत तापवून ठोकायची, पातं घासून काढायचं, मग पाणी द्यायचं, म्हणजे लाल तापवून तेलात बुडवायचं, आणि त्यानं आलेला ठिसूळपणा घालवायला पुन्हा मंद भाजायचं. हे सगळं एक माणूस एका चाकूसाठी करतो आणि आठ महिने थांबायला लावतो. आठ महिने थांबून मिळालेली वस्तू वाईट आहे असं म्हणायची कुणाची छाती होत नाही.

माझ्याकडे चार आहेत. ते कपाटात, शर्टांच्या खाली राहतात.

सुरुवातीलाच मी कायदा बघून घेतला, कारण आमच्याकडे कायदा बघून मग घाबरायची पद्धत आहे. शस्त्र नियमांनुसार ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पातं शस्त्रात मोडतं. मात्र घरकाम, शेती, विज्ञान आणि उद्योग यांच्यासाठी केलेली हत्यारं त्यातून वगळली आहेत. मी टेप घेऊन बसलो. माझं सगळ्यात मोठं पातं ८ इंच लांब, पावणेदोन इंच रुंद. म्हणजे सुटलो. मग सहज आईची विळी मोजली. ती सव्वादोन इंच रुंद भरली. "ती घरकामात येते म्हणून सुटते," मी आईला समजावलं. "आणि तुझे चाकू कशात येतात?" बायकोनं आतून विचारलं. त्यांनी घरात अजून एक मिरचीही चिरलेली नव्हती.

तर हा जो नवा, पाच इंची चाकू आला, त्याचं पातं दमास्कस होतं. दोन जातींचं पोलाद, एक साधं १०९५ आणि एक निकेलवालं १५एन२०, एकावर एक रचून भट्टीत एकजीव करायचं, ठोकायचं, दुमडायचं, पुन्हा ठोकायचं. शेवटी फेरिक क्लोराइडमध्ये, म्हणजे धातू खाणाऱ्या द्रावात बुडवलं की साधं पोलाद काळं पडतं, निकेलवालं उजळ राहतं आणि पात्यावर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी उमटते. मूळचं दमास्कस पोलाद निराळं, ते मुशीत वितळवून होई आणि ते आपल्या दक्षिणेतून परदेशात जाई. कानडीत पोलादाला 'उक्कु' म्हणतात, त्याचंच साहेबानं 'वुट्झ' केलं. हे मी आईला मोठ्या अभिमानानं सांगितलं. ती म्हणाली, "मग तिकडून परत कशाला मागवलंस?" मी म्हटलं, तिकडून नाही, इथलाच कारागीर आहे. "मग लोहार म्हण की."

पण खरी गोष्ट पात्याची नाहीच. खरी गोष्ट मुठीची.

या नादात पडलेल्या माणसाचं एक स्वप्न असतं: सांबरशिंगाची मूठ. बाहेरून तपकिरी, खडबडीत, लांबट खाचांची. घासलं तर आत हस्तिदंतासारखी पिवळट. त्या खाचा म्हणजे शिंग वाढत असताना त्यावरच्या मऊ कातडीतून गेलेल्या रक्तवाहिन्यांच्या वाटा. हातात धरलं की घाम आला तरी सटकत नाही. इंग्लंडच्या शेफील्डमधले आणि जर्मनीच्या झोलिंगेनमधले चाकूवाले पिढ्यान् पिढ्या आपलं सांबरशिंग बोटीनं मागवत. ते भरीव असतं, आतला सच्छिद्र गाभा फार कमी. मग भारतानं निर्यात बंद केली आणि तिकडे जुन्या साठ्याचे भाव चढले.

इथे तर विचारूच नका. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. सांबर आपलं शिंग दरवर्षी आपण होऊन गाळतो, त्यात त्याला काही इजा होत नाही, शिंग तसंच पाचोळ्यात पडून राहतं, तरी ते आपल्याला उचलता येत नाही, विकता येत नाही. कारण सरळ आहे: गळालेलं कुठलं आणि मारून आणलेलं कुठलं, हे एकदा तुकडे केले की बघून कळत नाही. एक मित्र म्हणाला, "येऊरला जाऊ पहाटे, एखादं मिळेल." येऊर म्हणजे राष्ट्रीय उद्यानाची आमची ठाण्याकडची बाजू, तिथे चितळही आहेत, सांबरही. मी म्हटलं, आणि बिबट्याही आहे. त्याला कायदा सांगितला असता तर पटला नसता, बिबट्या लगेच पटला.

मी हे दुःख जेवताना बोलून दाखवलं. आई आमटी वाढत होती.

"सांबरशिंग? आपल्याकडे होतं की."

माझा घास हातातच राहिला. "कुठे?"

"तुझ्या आजीच्या औषधाच्या डब्यात. चांगलं वीतभर. सहाणेवर उगाळायची ती, छाती भरली की लेप द्यायला."

"मग गेलं कुठे?"

"उगाळून उगाळून संपलं," आई म्हणाली. "तुझ्याच छातीवर. फार कफाचा होतास तू."

वीतभर म्हणजे मुठीला पुरून उरलं असतं. जगभरचे शौकीन ज्याच्यासाठी तळमळतात ते मला पाचव्या वर्षापर्यंत दिवसातून दोन वेळा लावलं जात होतं, आणि मी रडत होतो.

शेवटी कारागिरानं तोड सुचवली. उंटाचं हाड. ते मिळतं, कायदेशीर आहे, त्यावर खाचा कोरून चहाच्या रंगात रंगवलं की दहा हातांवरून सांबरशिंगच. मी होकार दिला. आणि इथेच माझे ग्रह फिरले, कारण पार्सल उघडल्यावर आईनं पहिला प्रश्न विचारला, "मूठ कशाची?"

"हाडाची," मी बोलून गेलो.

"माझ्या ओट्यावर नाही ठेवायची."

"अगं, शिंगाची असती तर?"

"शिंगाची गोष्ट वेगळी. ते औषध."

आता इथे गप्प बसायला हवं होतं. पण मला माहिती होती, आणि माहिती असली की मला ती दाबून ठेवता येत नाही. मी म्हणालो, "आई, सांबराचं शिंग हे हाडच असतं. म्हशीचं शिंग म्हणजे नखाच्या जातीचं, ते गळत नाही. हरणाचं शिंग कवटीतून उगवतं, दरवर्षी गळतं, ते शंभर टक्के हाड. आपल्या भाषेत दोघांना एकच शब्द आहे म्हणून घोळ होतो."

आई थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिली. "म्हणजे तुझ्या आजीनं, सोवळ्यातल्या बाईनं, देवाच्या सहाणेवर हाड उगाळलं?"

चार दिवस घरात माझ्याशी कुणी बोललं नाही. चाकू शर्टांखाली गेला.

तो बाहेर निघाला ताईच्या मुलाच्या लग्नात. नवरदेवाच्या हातात कट्यार लागते आणि तिच्या टोकाला लिंबू. जांभळी नाक्यावर बाशिंग, मुंडावळ्या, फेटे मिळतात तिथेच ही कट्यारही मिळते, पत्र्याची, लाल मखमली म्यानातली. पण हळदीच्या आदल्या रात्री ताईचा फोन आला. आणलेल्या कट्यारीची मूठ निघून हातात आली होती. "तुझ्याकडे तो भारीतला आहे ना? मामाचाच चाकू, शोभेल. आणि ऐक, तो धरून तू फोटोत मागे उभा राहू नकोस."

मामाला नाही म्हणता येत नाही. मी घासूनपुसून, खोबरेल तेलाचा हात फिरवून चाकू दिला.

लग्नाच्या दिवशी कार्यालयात नवरदेव पाटावर बसला, हातात माझा चाकू, टोकाला पिवळंधमक लिंबू. खरं सांगतो, मला गहिवरून आलं. एवढ्या लोकांनी माझ्या संग्रहातली वस्तू एकाच वेळी कधीच बघितली नव्हती. तेवढ्यात गुरुजींनी मंत्र थांबवला, खाली वाकून बघितलं आणि विचारलं, "मूठ कशाची?"

माझ्या डाव्या बाजूला आई उभी होती, पदर खोचून, अक्षतांचं ताट हातात. उजव्या बाजूला मुलीकडचे एक काका, वन खात्यातून निवृत्त. ओळख करून देताना त्यांनी पहिल्या वाक्यातच ते सांगितलं होतं. म्हणजे हाड म्हणावं तर मंगलकार्यात हाड आणलं म्हणून डावीकडून खेटर, आणि शिंग म्हणावं तर उजवीकडून पंचनामा.

"लाकडाची," मी म्हणालो.

काका पुढे आले. नवरदेवाच्या हातातून चाकू न घेता, त्याचं मनगटच धरून त्यांनी तो उजेडात फिरवला. लिंबू वधूपित्याच्या नाकासमोरून गेलं. नखानं मूठ टकटक वाजवली.

"हे लाकूड नव्हे," ते म्हणाले. आवाज अजून नोकरीतला होता. "हे सांबरशिंग दिसतंय."

मांडवात एकदम शांतता. सनईवाला रेकॉर्डमध्ये असल्यामुळे तेवढा वाजत राहिला.

मी त्यांच्या कानाला लागून खरं काय ते सांगितलं. काकांनी पुन्हा वाकून, चष्मा कपाळावर नेऊन, खाचा न्याहाळल्या. "बरोबर," ते म्हणाले, "खाचा फार सारख्या आहेत. सांबराच्या अशा एका मापाच्या नसतात. कोरलेल्या आहेत." मग त्यांचा चेहरा उजळला. एका नातेवाइकावर गुन्हा दाखल होण्याचं टळलं याचा निखळ आनंद त्यांना झाला आणि तो त्यांनी शेवटच्या रांगेपर्यंत पोचवला: "काही काळजी करू नका! हाडच आहे! उंटाचं!"

आईच्या ताटातल्या अक्षता हलल्याचा आवाज मी ऐकला.

गुरुजी मात्र गुणी माणूस. त्यांनी घड्याळ बघितलं. "मुहूर्त १२ वाजून ३७ मिनिटांचा आहे," ते म्हणाले. "रुमाल आहे का कुणाकडे? मूठ गुंडाळा. पोलाद शुद्ध असतं." आणि लगेच पुढचा मंत्र चालू केला. रुमाल माझाच होता. त्यामुळे लग्नाच्या अल्बममध्ये सातशे फोटो आहेत, चाकू जवळजवळ सगळ्यांत आहे, आणि ज्या मुठीसाठी मी आठ महिने थांबलो ती एकाही फोटोत नाही. कोपऱ्यावर माझ्या नावाचं आद्याक्षर भरलेला रुमाल तेवढा स्वच्छ आला आहे.

हे इथेच संपलं असतं तरी चाललं असतं. पण लग्नानंतर मंडळी जेजुरीला गेली, मग घरी सत्यनारायण झाला, मग नवं जोडपं फिरायला गेलं, आणि सोळाव्या दिवशी ताई चाकू परत घेऊन आली. प्लॅस्टिकच्या पिशवीत, गाठ मारून. "अगदी जपून ठेवला होता हो," ती म्हणाली. "लिंबूसुद्धा काढू दिलं नाही कुणाला."

लिंबू एव्हाना सुपारीएवढं झालं होतं. ते ओढून काढलं. टोकाकडचं दीड इंच पातं, जिथे लाटांची नक्षी सगळ्यात बारीक होती, तिथे काळंकुट्ट, मध्ये तांबूस गंजाचे फोड. निकेलवालं पोलादही तिथे दिसेना. मी कारागिराला फोटो पाठवला. त्यानं बराच वेळ काहीच लिहिलं नाही. मग विचारलं, "लिंबाचा रस? किती वेळ?" मी लिहिलं, सोळा दिवस. पुन्हा काही नाही. मग: "पाठवून द्या. घासून पुन्हा ॲसिडमध्ये बुडवावा लागेल. आठ महिने."

तो मी पॅक करायला ओट्यावर ठेवला आणि पुठ्ठा आणायला गेलो, एवढंच. परत आलो तर आईनं रुमालानं मूठ धरून पातं पाटावर आडवं घातलं होतं आणि नारळाच्या शेंडीनं, त्यावर चिंच आणि रांगोळी घेऊन, खसाखसा घासत होती. मी ओरडलोच.

"ओरडायला काय झालं? आमची लोखंडी विळी होती तिलाही असंच व्हायचं. कैरी चिरली की लगेच धुऊन, पुसून, तेलाचं बोट फिरवून ठेवायची. लिंबू टोचून ठेवतं का कुणी पंधरा दिवस? तुम्हाला लोखंडाची सवयच राहिली नाही." तिनं पातं नळाखाली धरलं, पदरानं कोरडं केलं. गंज गेला होता. नक्षीही गेली होती, टोकापासून पार मुठीपर्यंत. पातं लख्ख पांढरं, जांभळी नाक्यावर मिळतं तसं. "बघ, डाग सगळे निघाले," आई म्हणाली, आणि अंगठ्यानं धार बघत तिचा चेहरा बदलला. "अगंबाई. धार चांगली आहे रे याला."

तिनं टोपलीतला कांदा उचलला. मूठ अजून रुमालातच होती.

तेवढ्यात फोन वाजला. पनवेलची मावशी. "अरे, आमच्या धाकट्याचं ठरलं. वैशाखात मोकळा आहे का?"

मला बरं वाटलं. म्हटलं, आहे की मावशी, रजाही शिल्लक आहे.

"तू नाही रे," मावशी म्हणाली. "चाकू."