'शाई म्हणजे रंगीत पाणीच' म्हणणाऱ्या काकांना उत्तर

नमस्कार काका,

साध्या कागदावरच्या इंकजेट शाईबद्दलच्या माझ्या लेखाखाली तुम्ही जे लिहिलंत ते पोटतिडकीने लिहिलंय, म्हणून उत्तरही सविस्तर देते. इतर वाचकांसाठी तुमचं म्हणणं आधी थोडक्यात मांडते. शाईत बहुतेक पाणीच असतं, उरलेला रंग. मिरजेतल्या तुमच्या दुकानात इचलकरंजीहून आणलेली डाय, म्हणजे पाण्यात विरघळणारा कापडाचा रंग, बोअरच्या पाण्यात कालवून केलेली शाई चालली आणि नोझल, म्हणजे शाई उडवणारं प्रिंटरचं बारीक छिद्र, जाम झालं नाही. अक्षर फुटतं तो दोष कागदाचा, शाईचा नाही. आणि मी रसायनशास्त्राचा बाऊ करून कंपन्यांच्या महागड्या बाटल्यांची भलामण करते.

शेवटचा मुद्दा आधी घेते. मी कुपवाड एमआयडीसीतल्या एका छोट्या कारखान्यात शाई बनवण्याचंच काम करते. शाई विकली जाण्यात माझा स्वार्थ आहे, तो धरूनच पुढचं वाचा. पण कार्ट्रिजच्या किमतीची बाजू मी घेणार नाही. प्रिंटर स्वस्तात द्यायचा आणि पैसा शाईतून काढायचा, हा धंदा वर्षानुवर्षं चालला. त्याला धक्का दिला तो रिफिलवाल्यांनीच. एप्सनने २०१० मध्ये इंडोनेशियात टाकीवाले प्रिंटर आणले, तेसुद्धा तिथल्या लोकांनी प्रिंटरला बाहेरून टाक्या जोडायला सुरुवात केल्यावर. तेव्हा किमतीवर आपलं भांडण नाहीच.

आता पाणी. तुमचं खरं आहे, शाईत साधारण साठ ते नव्वद टक्के पाणी असतं. पण उरलेल्या भागाला दोन अगदी उलटी कामं करावी लागतात. बाटलीत आणि नोझलमध्ये त्याने महिनोन्महिने जसंच्या तसं राहायचं, आणि कागदाला टेकल्याबरोबर मोडायचं, म्हणजे रंग पाण्यापासून सुटून जागच्या जागी थांबायला हवा. साध्या कागदासाठी शाई बनवण्यातली सगळी मेहनत या उलट्यापालट्यात आहे, आणि 'रंगीत पाणी' म्हटलं की नेमकं हेच नजरेआड होतं.

कागदापासून सुरू करू. इंकजेटचा दहा पिकोलिटरचा थेंब घेतला तर त्याचा व्यास जेमतेम सत्तावीस मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे सत्तावीस हजारांश, भरतो. कागदातल्या तंतूची जाडीही साधारण तेवढीच असते. म्हणजे एकेक थेंब एकेका तंतूवर जाऊन पडतो आणि तंतूंच्या फटींतून पळायला बघतो. किती पळेल याचं गणित लुकास आणि वॉशबर्न यांनी १९१८ आणि १९२१ मध्ये मांडलं. फटी जितक्या मोठ्या, द्रव जितका पातळ आणि तंतूला जितका सहज भिजवणारा, तितका तो आत आणि आडवा धावतो. अक्षराला मिशा फुटतात त्या यामुळे.

कागद कारखान्यात यावर उपाय म्हणून सायझिंग करतात, म्हणजे कागदाने पाणी कमी शोषावं अशी प्रक्रिया. पूर्वी राळ आणि तुरटी वापरायचे, आता बहुतेक ठिकाणी वेगळी रसायनं आणि वरून स्टार्चचा हात असतो. तो हात कमी पडला की कागद टीपकागदासारखा वागतो. म्हणून 'कागद भिकार' हे तुमचं निदान अर्धं बरोबर आहे. पण काका, गिऱ्हाईक तुमच्याकडे जो कागद घेऊन येतं तोच कागद शाईने सांभाळायचा असतो. शाळेच्या अर्जाचा कागद, बगॅसपासून, म्हणजे उसाच्या चिपाडापासून, केलेला कॉपियर कागद, पावसाळ्यात दमट झालेलं रीम, यातलं काहीच शाई बनवणाऱ्याच्या हातात नसतं. कोटेड फोटो पेपरवर सुरेख उतरणारी शाई कोणीही बनवेल. खरी परीक्षा पंचाहत्तर जीएसएमच्या साध्या पानावर होते.

या परीक्षेत एक पेच कायम समोर येतो. शाई लवकर वाळावी म्हणून तिचा पृष्ठताण खाली आणला, तर ती झटकन आत शिरते, पण अक्षर फुटतं आणि मागून आरपार दिसतं. ताण वर ठेवला तर अक्षर काळंभोर आणि कोरीव येतं, पण पान लगेच हातात घेतलं की फासतं. पाण्याचा पृष्ठताण मिलिन्यूटन प्रति मीटर या एककात बहात्तर. काळ्या शाईचा पंचेचाळीसच्या आसपास ठेवतात आणि रंगीत शाईंचा तिशीपर्यंत उतरवतात, कारण दोन रंग शेजारी पडले की एकमेकांत मिसळायच्या आत ते कागदात जिरायला हवेत. मग पिवळ्या पट्टीवर काळं अक्षर आलं की काय? काळी शाई भिजलेल्या पिवळ्यात पसरणार. यावरचा तोडगा मला फार आवडतो. रंगीत शाईत कॅल्शियम किंवा मॅग्नेशियमचा क्षार घालतात. काळ्या पिगमेंटचे, म्हणजे पाण्यात न विरघळणाऱ्या रंगाचे, कण ऋण भारामुळे एकमेकांना दूर ठेवून पाण्यात तरंगत असतात. हद्दीवर कॅल्शियम भेटला की तो भार मिटतो, कण गठ्ठा होऊन तिथेच बसतात आणि रेघ स्वच्छ राहते. काही कागदांच्या पृष्ठभागावरच कॅल्शियमचा क्षार दिलेला असतो. अशा पाकिटावर कलरलॉक असं चिन्ह दिसतं.

आता तुमच्या बोअरच्या पाण्याकडे येऊ. आपल्याकडचं बोअरचं पाणी किती जड आहे हे घरातल्या हीटरच्या कॉइलवर बसणाऱ्या पांढऱ्या थरावरून तुम्हाला ठाऊक आहे. तो थर कॅल्शियमचाच. जो कॅल्शियम कागदावर शाईला हवा असतो, तोच तुम्ही बाटलीत आधी घालून ठेवता. पिगमेंट शाई अशा पाण्यात केली तर गठ्ठे बाटलीतच व्हायला लागतात, नोझलपर्यंत जायचीही गरज उरत नाही. डायमध्ये हे हळू घडतं, म्हणून काही दिवस निभावतं.

इचलकरंजीच्या डायची गोष्टही तशीच. डायरेक्ट, ॲसिड, रिॲक्टिव्ह ही सगळी घराणी कापड आणि चामड्याच्या रंगाईतून इंकजेटमध्ये आली, तेव्हा नातं जवळचं आहे. पण सूत रंगवायच्या डायमध्ये मीठ किंवा ग्लॉबर सॉल्ट भरपूर मिसळलेलं असतं. रंगाईत ते मदतच करतं, कारण मिठामुळे रंग पाण्यातून धाग्यावर ढकलला जातो. शाईत तेच मीठ विरघळलेल्या रंगाला खाली बसवतं आणि क्लोराइड धातूचे भाग खातं. इंकजेटसाठीची डाय म्हणूनच मेम्ब्रेनमधून गाळून मीठमुक्त करतात, आणि तयार शाई मायक्रॉनपेक्षा बारीक छिद्रांच्या फिल्टरमधून जाते.

मग तुमच्याकडे नोझल जाम का झालं नाही? तुमचा अनुभव खोटा नाही, त्याला कारण आहे. तुमचा प्रिंटर पिएझो हेडचा, हे तुम्हीच लिहिलंय. त्यात स्फटिक वाकून थेंब ढकलतो, उष्णता नसते. शिवाय दुकानात दिवसभर छपाई चालते, शाईला नोझलमध्ये सुकायला उसंतच मिळत नाही. हीच शाई थर्मल, म्हणजे उष्णतेने थेंब उडवणाऱ्या, हेडमध्ये घाला. कॅननच्या इचिरो एंडो यांना १९७७ मध्ये गरम सोल्डरिंगची कांडी शाईच्या सुईला लागून थेंब उडाल्याचं दिसलं, त्यातून त्यांच्याकडे ही पद्धत निघाली. तिथे इवल्याशा हीटरवर शाईचा पातळ थर काही मायक्रोसेकंदांत तीनशे अंशांच्या आसपास जातो, वाफेचा बुडबुडा होतो, आणि हे सेकंदाला हजारो वेळा घडतं. त्या हीटरवर क्षार आणि जळका रंग थराथराने बसतो आणि हेड जातं. घरात आठवड्यातून एखादं पान काढणाऱ्याचं तर पिएझोसुद्धा एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात सुकेल, कारण नुसत्या डाय-पाण्यात ओल धरणारं काहीच नाही. ग्लिसरीन, डायएथिलीन ग्लायकॉल असं काहीतरी दहा-वीस टक्के लागतंच. त्यातही जास्त झालं की चालत नाही, ग्लिसरीन उडून जात नाही आणि पान चिकट राहतं. पीएच आठ-नऊवर धरणं आणि बुरशीनाशक घालणं हे त्यामानाने सोपं काम, त्यावर इथे वेळ घालवत नाही.

पण नोझलपेक्षा मला काळजी आहे ती वेगळ्याच गोष्टीची. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा सत्तावन्न फुटांच्या वर गेली, तेव्हा माझ्या मावशीच्या घरात कपाटातले कागद पाण्यात राहिले. नंतर आम्ही ते दोरीवर वाळत घातले. झेरॉक्स वाचता येत होत्या, कारण टोनर म्हणजे कागदावर वितळवून बसवलेलं प्लास्टिक आणि कार्बन. इंकजेटवर साध्या डायने काढलेल्या जमिनीच्या उताऱ्यांवर मात्र जांभळट डाग उरले होते, गट नंबर गेले होते, क्षेत्र गेलं होतं. बाटलीत विरघळणारी शाई पाण्यात पुन्हा विरघळली, इतकंच. ती कागदावर मोडलीच नव्हती.

डायसुद्धा मोडायला शिकवता येते. रेणूवर कार्बॉक्सिल गट असले आणि अमोनियाने पीएच वर धरला, तर ती बाटलीत विरघळलेली राहते. कागदावर अमोनिया उडतो, आम्लता थोडी वाढते आणि तीच डाय पाण्याला दाद देईनाशी होते. पिगमेंट तर मुळातच विरघळत नाही. म्हणून सातबारा, करारनामा, शाळेचा दाखला, कोर्टात लावायचा कागद यांच्यासाठी मी पिगमेंट काळीच सांगते. रंगीत जाहिरात, मुलांचा प्रोजेक्ट, पत्रिकेचा नमुना यांना चांगली डाय पुरते. तीही कंपनीचीच हवी असं मुळीच नाही. मात्र तुमच्या प्रिंटरच्या काळ्या टाकीला पिगमेंट चालते का ते आधी बघा. डायसाठी बनलेल्या हेडमध्ये ती ओतू नका, आणि एकाच टाकीत दोन्ही कधी मिसळू नका.

माझ्यावर विश्वास ठेवू नका, दुकानातच करून बघा. एका ग्लासात बोअरचं पाणी, दुसऱ्यात बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर. दोन्हींत पिगमेंट काळीचे चार-चार थेंब टाकून रात्रभर ठेवा आणि सकाळी तळ बघा. मग तुमच्या शाईने आणि पिगमेंटने एकाच रीमच्या पानांवर तोच मजकूर काढा, थोडा पांढऱ्यावर, थोडा पिवळ्या पट्टीवर. एक दिवस वाळू द्या, पानं तासभर पाण्यात बुडवून ठेवा. दोन्ही ग्लासांचे आणि दोन्ही पानांचे फोटो इथेच टाका, आणि कागद कोणता होता तेही लिहा.