क्लबानं मैदानाचं नाव विकलं? मग सुतक असं पाळा

तुमच्या लाडक्या क्लबानं स्टेडियमचं नाव एखाद्या कंपनीला विकल्याची बातमी रात्री दीडच्या फुटबॉल मॅचआधी आली, की आधी अंथरुणात उठून बसा आणि "वारसा विकला!" असं खच्चून ओरडा. शेजारच्या खोलीतून वडील विचारतील, "कामून वरडूलालास रातच्याला?" त्यांना कारण सांगू नका. लातूरच्या पोराचा इंग्लंडात कसला आलाय वारसा, हा त्यांचा पुढचा प्रश्न असतो.

ते स्टेडियम तुम्ही कधी पाहिलेलं नाही, याची लाज बाळगायची गरज नाही. तिथं दर आठवड्याला जाणाऱ्याच्या डोक्यात तिकिटाचा दर आणि घरी जायची ट्रेन असते. निव्वळ नावासाठी जीव टाकायला माणूस लातूरच्या गंजगोलाईतच बसलेला पाहिजे.

आता थोडा इतिहास पाठ करा, टपरीवर लागतो. न्यूकॅसल क्लबाचं सेंट जेम्स पार्क. 2011 साली मालकानं त्याला आपल्याच खेळसामानाच्या दुकानांचं नाव चिकटवलं: स्पोर्ट्स डायरेक्ट अरेना. लोक खवळले. जुनी अक्षरं भिंतीवरून उतरवली, तर कुणीतरी तिथंच रंगानं पुन्हा लिहून ठेवली. 2012 मध्ये जुनं नाव परत आलं! इथवर टेबलावर हात आपटत सांगा. ते परत आणलं कुणी, हे मात्र चहाबरोबर गिळून टाका. वोंगा नावाच्या कंपनीनं. धंदा काय, तर पगार होईपर्यंत चढ्या व्याजानं उसने पैसे देणं. जर्सीवर आपलं नाव लावायचा सौदा केला आणि त्यातच मैदानाचे हक्क घेऊन जुनं नाव बहाल केलं. गावाच्या देवळाचा कळस सावकारानं बसवून द्यावा, तसला प्रकार. पेढे वाटायचे की सातबारा तपासायचा, ते तुमचं तुम्ही ठरवा.

बोल्टन क्लबाचं नाव कुणी काढलं तर विषय बदला. तिथलं मैदान 1997 ला उघडलं तेच रिबॉक म्हणून. 2014 ला मॅक्रॉन झालं, 2018 ला युनिव्हर्सिटी ऑफ बोल्टन, 2023 पासून प्लास्टिक शीटवाल्या टफशीटचं. जुने चाहते अजून 'रिबॉक'च म्हणतात. म्हणजे बुटाच्या कंपनीचं नावसुद्धा सतरा वर्षं मुरलं की वारसा होतं. हे मान्य केलं तर तुमच्याकडं ओरडायला काय उरलं?

आर्सेनलवाल्यांनी संताप दुसऱ्यांच्या क्लबापुरता राखून ठेवावा. 2006 पासून तुम्ही एमिरेट्स नावाच्या विमान कंपनीला घर म्हणताय. चॅम्पियन्स लीगच्या रात्री तेच घर 'आर्सेनल स्टेडियम' होतं, कारण ती स्पर्धा भरवणाऱ्या युएफाला, म्हणजे युरोपच्या फुटबॉल संघटनेला, स्वतःचे प्रायोजक सांभाळायचे असतात. तत्त्व असावं तर असं.

एक पथ्य मात्र खरंच पाळा: या भांडणाला 'नामांतर' म्हणू नका. विद्यापीठाच्या नावासाठी 1978 ते 1994 याच मराठवाड्यात माणसं मेली, वस्त्या जळाल्या. तुमचा लढा टीव्ही बंद होईपर्यंतचा आहे.

आपल्या गावातल्या मैदानाचा विषय तर काढूच नका. तिथं एक महिना प्रदर्शन, एक महिना सभा, उरलेल्या दिवसांत म्हशी. गोलच्या दोन खांबांना वाढदिवसाचा फ्लेक्स बांधलेला आणि 'भावी नगरसेवक' गॉगल लावून बरोबर आडव्या दांडीखाली उभे. त्यावर निषेध कशाला? जाळं तिथं कधी नव्हतंच. साहेबांमुळं निदान बॉल आणायला नाल्यात उतरावं लागत नाही.

मागणी करताना क्रम सांभाळा. आधी "क्लब विकाऊ नाही" म्हणा, मग दम घेऊन "चांगला स्ट्रायकर कधी आणणार?" म्हणा. दोन्ही एका वाक्यात आलं तर कुणीतरी पैशाचं विचारतं.

आणि निषेधाचा फोटो काढताना बाजारातून घेतलेली तीनशेची जर्सीच घाला. छातीवर हात मात्र आडवा धरा. क्लबाचं चिन्ह कोपऱ्यात रुपयाएवढं असतं, ते दिसलं पाहिजे. मधली कंपनीची वीतभर अक्षरं तेवढी झाकली गेली पाहिजेत.