वरचे दात नाहीत

आत्ताच घरी पोचलोय. बुटांना शेण, केसांत पेंढा, धाकटा बापाच्या खांद्यावर झोपलेला. अंघोळीच्या आधीच लिहायला बसलेय, नाहीतर डोकं शांत होणार नाही.

मुलांना घेऊन फार्म पार्कला गेलो होतो. सशांच्या कोपऱ्यात एक गृहस्थ आपल्या दोन-अडीच वर्षांच्या मुलाच्या मांडीवर ससा कोंबत होते. पोरगं किंचाळतंय, पाय झाडतंय, आणि आई समोर मोबाईल धरून, "हस ना राजा, एकदाच हस!" ससा दगडासारखा गप्प. "बघ, किती शांत आहे तो!"

अहो, शांत कसला? भीतीनं थिजलाय तो! सगळ्यांची शिकार होणारा जीव. जमिनीवरून उचलला की त्याच्या लेखी त्याला कुणीतरी पकडलंय, बस. त्यातून वेडावाकडा धरला आणि त्यानं मागच्या पायांनी जोरात लाथ झाडली, तर त्याचाच कणा मोडू शकतो. एका फोटोपायी!

आता एवढं बोलणारी मी कोण, तेही सांगते. अर्ध्या तासापूर्वी माझं काय चाललं होतं? माझी चार वर्षांची लेक शेळ्यांच्या कुंपणापाशी उकिडवी बसली होती. उठायलाच तयार नाही. शेळी खालचा जबडा आडवा फिरवत निवांत रवंथ करतेय आणि ही तिच्या तोंडाकडे टक लावून. माझ्या डोक्यात पुढची यादी: कोकरांना बाटलीनं दूध पाजायचंय, ट्रॅक्टरची फेरी राहिलीय, कोंबडीची पिल्लं राहिलीत. म्हटलं, "चल गं, एकाच शेळीला किती बघशील?" तर म्हणते, "आई, हिला वरचे दात नाहीत."

मी वळूनही न बघता, "म्हातारी असेल. पडले असतील. चल."

चारा घालणाऱ्या काकांना तिनं पुन्हा तेच विचारलं. (हट्टी आहे. कुणावर गेलीय ते लिहू नका खाली.) काकांनी शेळीचा ओठ अलगद वर करून दाखवला. खरंच दात नाहीत, नुसती टणक हिरडी! शेळी, मेंढी, गाय, कुणालाच वरचे पुढचे दात नसतात म्हणे. खालचे 8 दात त्या हिरडीवर दाबायचे आणि चारा तोडायचा. दाढा मात्र वर-खाली दोन्हीकडे. इतकी वर्षं गाईचं चित्र दाखवून मुलांना "हम्मा" शिकवतेय, एकदाही तिच्या तोंडात डोकावले नव्हते.

लेकीनं माझ्याकडे फक्त बघितलं. बोलली काही नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

फोटो मीही काढले, चांगले चाळीसेक. आजी-आजोबांना पाठवायचे असतात, मान्य. तिकीट काढल्यावर सगळंच बघून घ्यावंसं वाटतं, तेही मान्य. पण म्हणून पोरांना एका कुंपणापासून दुसऱ्या कुंपणापर्यंत हाकायचं? शेळ्यांना तरी कुणी एवढं हाकत नव्हतं तिथे.

आणि ते सॅनिटायझर! शेळीला कुरवाळलं, हातावर दोन थेंब चोळले, की लगेच खाऊचा डबा उघडला. शेणा-लेंड्यांतून येणारे काही जंतू त्याला दादच देत नाहीत. साबण आणि वाहतं पाणी, दुसरा इलाज नाही. नळ दहा पावलांवर होता, तिथे रांग नाही. रांग कुठे, तर सेल्फीच्या चौकटीपाशी.

असो. त्या सशावाल्या आईचा राग आता थोडा उतरलाय. नंतर ती बाकावर बसली होती, मुलगा मांडीवर, बाटलीतलं पाणी त्याच्या तोंडावर लावत. मोबाईल पर्समध्ये होता. थकलेली दिसत होती बिचारी. मीही तशीच दिसत असणार.

चाळीस फोटो आत्ता चाळले. शेळीच्या त्या तोंडाचा एकही नाही. लेकीचा आहे एक, पाठमोरा, कुंपणाच्या फटीत नाक घातलेलं, तोही चुकून आलेला.

ती आत्ता बेसिनपाशी स्टुलावर उभी आहे. वरचा ओठ दातांवर दुमडून घेतलाय आणि जबडा आडवा फिरवतेय, आरशात बघत. ब्रशवरची पेस्ट कधीची सुकली. हाक मारणार होते, पण थांबलेय.