इलेक्ट्रॉन न सांगता आवर्तसारणी? प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

नमस्कार,

लहान मुलांना आवर्तसारणीची ओळख कशी करून द्यावी, या लेखावरची तुमची प्रतिक्रिया नीट वाचली. इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगायचं तर, भिंतीवरचा तक्ता आधी दाखवू नये, नऊ ते अकरा वर्षांच्या मुलांच्या हातात मूलद्रव्यांची कार्डं द्यावीत, मांडणी त्यांची त्यांना शोधू द्यावी आणि इलेक्ट्रॉनचा विषय तेव्हा काढू नये, असं मी लेखात सुचवलं होतं. तुमचे आक्षेप चार. इलेक्ट्रॉन संरूपणाशिवाय (अणूतल्या इलेक्ट्रॉनांच्या मांडणीशिवाय) 'मूलद्रव्यांचं कुटुंब' ही नुसती गोष्ट उरते आणि पुढे ती पुसावी लागते. त्यापेक्षा पहिली वीस मूलद्रव्यं क्रमाने पाठ करून घेतली तर पाया पक्का होतो. गुणधर्म कार्डावर छापूनच द्यायचे असतील तर तीही घोकंपट्टीच. आणि तुमच्या वर्गात कार्डं वाटली तेव्हा मुलांनी रंगांप्रमाणे गठ्ठे केले आणि पाच मिनिटांत सगळं आटोपलं.

या शेवटच्या आक्षेपाचं उत्तर आधी देणं बरं, कारण त्यात बाकीच्यांचंही बरंचसं उत्तर आहे. तयार मिळणाऱ्या कार्डांवर प्रत्येक कुटुंबाला एक रंग दिलेला असतो आणि कोपऱ्यात अणुअंक, म्हणजे सारणीतला क्रमांक, छापलेला असतो. अशी कार्डं हातात पडली की मुलं एक तर रंग जुळवतात, नाहीतर १, २, ३ असा क्रम लावतात. यात मुलांचं काहीच चुकत नाही. उत्तर कार्डावरच आहे, मग ती शोधतील काय?

म्हणून कार्डं घरी करावी लागतात. पांढरा जाड कागद, साधारण ६ सेंटिमीटर बाय ९ सेंटिमीटर, सगळी अक्षरं काळी. प्रत्येक कार्डावर इतकंच: नाव, संज्ञा, अणुवस्तुमान, नेहमीच्या तापमानाला ते कसं दिसतं, पाण्यात टाकलं तर काय होतं, आणि त्याचा एक अणू क्लोरीनच्या किती अणूंशी जोडला जातो तो आकडा. अणुअंक लिहायचा नाही. मूलद्रव्यं सोळा: लिथियम ७, बेरिलियम ९, बोरॉन ११, कार्बन १२, नायट्रोजन १४, ऑक्सिजन १६, फ्लुओरीन १९, सोडियम २३, मॅग्नेशियम २४, ॲल्युमिनियम २७, सिलिकॉन २८, फॉस्फरस ३१, गंधक ३२, क्लोरीन ३५.५, पोटॅशियम ३९, कॅल्शियम ४०. हायड्रोजन आणि निष्क्रिय वायू (हेलियम, निऑन, आर्गॉन) बाजूला ठेवायचे. क्लोरीनचे ३५.५ आहेत तसेच राहू द्या, ३५ किंवा ३६ करू नका. फॉस्फरस पाच क्लोरीन अणूंशीही जोडला जातो, पण इथे ३ हा आकडा घ्या.

कार्डं सोळा करा, वाटा पंधरा. सिलिकॉन तुमच्या खिशात.

चार-चार मुलांचे गट करा आणि पहिली सूचना एवढीच द्या: हलक्यापासून जडापर्यंत एका रेषेत लावा. पंधरा कार्डांची रांग ९० सेंटिमीटर लांब होते, त्यामुळे बाकावर मावत नसेल तर जमिनीवर बसवा. रांग लागली की एकाने क्लोरीनचे आकडे डावीकडून मोठ्याने वाचायचे: १, २, ३, ४, ३, २, १, १, २, ३, ३, २, १, १, २. इथे थांबा आणि काहीही बोलू नका. चढत जाऊन उतरणारा हा आकडा बहुतेक मुलांना ऐकूनच कळतो आणि मधे कुठेतरी ठेच लागली हेही जाणवतं. आवर्त म्हणजे काय, हे त्यांनी आत्ताच कानाने ऐकलेलं असतं.

मग दुसरी सूचना: सारख्या वागणुकीची मूलद्रव्यं एकाखाली एक येतील अशा बेताने ही रांग तोडा. इथे तीन गोष्टी होतात, आणि तिन्हींची तयारी हवी.

काही गट रांग तोडत नाहीत, ४ पाशी वळवतात, म्हणजे १-२-३-४ च्या खाली उलट्या दिशेने ३-२-१. आकडे छान जुळतात, पण लिथियमच्या खाली फ्लुओरीन येतो. दोघांचाही आकडा १. त्यांना फक्त दोन्ही कार्डांवरच्या बाकीच्या ओळी मोठ्याने वाचायला लावा: एक चाकूने कापता येणारा चंदेरी धातू, दुसरा फिकट पिवळा विषारी वायू. नुसता आकडा जुळून भागत नाही, हे त्यांचं त्यांना उमगतं. मग ते दोन १ च्या मधे तोडतात.

काही गट सात-सातच्या ओळी करतात, कारण पहिली ओळ सातांची झालेली असते. सिलिकॉन नसल्यामुळे दुसरी ओळ एका घराने सरकते आणि पोटॅशियम थेट फ्लुओरीनच्या खाली जाऊन बसतं. पाण्यात पडताच जांभळट ज्योतीने पेटणारा धातू वायूंच्या रांगेत, ही विसंगती मुलांच्या नजरेतून सुटत नाही.

तिसरा गट दोन १ च्या मधे बरोबर तोडतो, पण दुसऱ्या ओळीत सहाच कार्डं ठेवतो. फॉस्फरस कार्बनखाली, गंधक नायट्रोजनखाली, क्लोरीन ऑक्सिजनखाली. आकडे जुळत नाहीत: ३ च्या वर ४, २ च्या वर ३. अशा वेळी "कुठे जागा सोडली तर सगळं जुळेल?" हा एकच प्रश्न पुरतो. ॲल्युमिनियमनंतर एक घर रिकामं सोडलं की सगळं जागेवर येतं.

आता त्या रिकाम्या घराचं कार्ड मुलांनी स्वतः भरायचं. वजन २७ आणि ३१ च्या मधलं, म्हणजे २९ च्या आसपास. क्लोरीनचा आकडा ४. मग खिशातलं कार्ड काढा: २८ आणि ४. आवर्तसारणी मांडणाऱ्या मेंडेलीव्हने नेमकं हेच केलं होतं, सिलिकॉनच्या एक घर खाली. त्याने भाकीत केलेल्या मूलद्रव्याचं अणुवस्तुमान होतं ७२ आणि घनता ५.५. १८८६ साली जर्मन रसायनशास्त्रज्ञ विंकलरला ते मूलद्रव्य, जर्मेनियम, सापडलं; अणुवस्तुमान ७२.६, घनता ५.३. ही हकीकत मुलांना त्यांचं स्वतःचं कार्ड भरून झाल्यावर सांगा. आधी सांगितली तर ती नुसती माहिती होते.

आता इलेक्ट्रॉन. मेंडेलीव्हची सारणी १८६९ ची आणि इलेक्ट्रॉनचा शोध १८९७ चा. त्याही आधी, १८२९ मध्ये, डोबेरायनर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने त्रिकं मांडली, म्हणजे सारख्या वागणुकीच्या तीन-तीन मूलद्रव्यांचे गट, ज्यांत मधल्याचं वजन बाकी दोघांच्या सरासरीजवळ येतं. लिथियम, सोडियम, पोटॅशियम हे त्रिक याच कार्डांतून निघतं: ७ आणि ३९ ची सरासरी २३. बेरिलियम आणि कॅल्शियमची सरासरी २४.५, मॅग्नेशियम २४. मुलांना हे गणित फार आवडतं, पण त्याचा नियम करू नका. सोडियम, आणि पोटॅशियमच्या खाली येणारं रुबिडियम, यांची सरासरी ५४ येते आणि मधलं पोटॅशियम ३९ आहे. सांगायचं इतकंच की कुटुंबं आधी वागणुकीवरून ओळखली गेली आणि त्यांचं कारण नंतर सापडलं. मुलांनाही याच क्रमाने गेलं तर कारणाची ओढ लागते. उलट्या क्रमाने गेलं की २, ८, १ हे सोडियमच्या इलेक्ट्रॉनांच्या मांडणीचे आकडे कशाचं उत्तर आहेत हेच त्यांना ठाऊक नसतं.

पुढे पुसावं लागेल असं काही शिकवू नये, हा तुमचा आग्रह मात्र शंभर टक्के मान्य. पण पुसावं लागतं ते नेमकं काय, हे बघायला हवं. "सारखा आकडा, सारखी वागणूक, वरून खाली हळूहळू बदल" हे वाक्य शेवटपर्यंत खरं राहतं. पुसावी लागतात ती वाक्यं वेगळी आहेत. "सोडियमला आपला इलेक्ट्रॉन देऊन टाकायचा असतो" हे त्यातलं सगळ्यात चिवट. सोडियमच्या अणूपासून तो इलेक्ट्रॉन काढायला मोलमागे (म्हणजे २३ ग्रॅम सोडियममागे) सुमारे ४९६ किलोज्यूल ऊर्जा घालावी लागते. आपखुशीने काही जात नाही. मिठाचा स्फटिक बनताना जी ऊर्जा बाहेर पडते तिने हा हिशेब भरून निघतो. नऊ वर्षांच्या मुलाला यातलं काहीच सांगता येत नाही, म्हणून इलेक्ट्रॉन लवकर आणला की ही खोटी गोष्ट बरोबर येतेच. दुसरं वाक्य "निष्क्रिय वायू कधीच कोणाशी संयोग करत नाहीत". रसायनशास्त्रज्ञ बार्टलेटने १९६२ मध्येच झेनॉन या निष्क्रिय वायूचं संयुग बनवलं. तिथे 'सहसा' हा एक शब्द घातला की काम भागतं.

कुटुंबं तीनच शिकवावीत, हेही माझं ठाम मत आहे: अल्क धातू (लिथियम, सोडियम, पोटॅशियम), हॅलोजन (फ्लुओरीन, क्लोरीन, ब्रोमीन, आयोडीन) आणि निष्क्रिय वायू. मधल्या गणांत, म्हणजे सारणीच्या उभ्या स्तंभांत, या वयाला दिसेल असं साम्य नाही. कार्बनच्या गणात वर काळा अधातू आणि खाली चक्क शिसं. नायट्रोजनच्या गणात वर वायू आणि खाली बिस्मथ हा धातू. तिथे 'कुटुंब' म्हटलं तर मुलं गोंधळणारच, आणि तो गोंधळ रास्त आहे.

छापील गुणधर्म हीसुद्धा घोकंपट्टीच, या आक्षेपाला दोन उत्तरं आहेत. एक, जे हाताने तपासता येतं ते तपासू द्या. दीड व्होल्टचे दोन सेल, १०० ओहमचा रोध, लाल एलईडी आणि दोन मोकळ्या तारा. एका सेलवर लाल एलईडी लागत नाही, त्याला १.८ ते २ व्होल्ट लागतात. आणि लांब पाय धन बाजूला नसेल तरीही लागत नाही. मुलांना वाटतं पदार्थच वाहक नाही, म्हणून आधी दोन्ही तारा एकमेकींना टेकवून दिवा लागतो का ते बघायचं. ॲल्युमिनियमची पट्टी, मॅग्नेशियमची फीत, पेन्सिलीचं शिसं आणि गंधकाचा खडा एवढं पुरे. धातूंचा पृष्ठभाग आधी पॉलिश पेपरने घासा, ऑक्साइडचा थर असला की दिवा लुकलुकतो. पेन्सिलीचं शिसं, म्हणजे मातीत मिसळलेलं ग्रॅफाइट, दिवा लावतं आणि मुलं कार्बनला धातू ठरवतात. मग त्यावर हलकेच हातोडी मारायला सांगा: शिशाचा चुरा होतो, ॲल्युमिनियम चपटं होतं. एका चाचणीवर निकाल द्यायचा नाही, हे तिथेच कळतं. गंधक तापवू नका. सोडियम आणि पोटॅशियम मुलांच्या हातात देण्याचा प्रश्नच नाही. त्यांची चित्रफीत दाखवा.

दुसरं उत्तर, भाकीत. हॅलोजनांत क्लोरीन हिरवट पिवळा वायू आणि आयोडीन काळसर करडा घन पदार्थ, एवढंच सांगा आणि मधल्या ब्रोमीनचं कार्ड कोरं द्या. मुलं 'द्रव' असं लिहितात आणि ते बरोबर असतं. वजन विचारलं तर ३५.५ आणि १२७ ची सरासरी काढून ८१ लिहितात. खरं आहे ८०. घोकलेल्या माहितीतून असं न सांगितलेलं उत्तर काढता येत नाही.

वीस मूलद्रव्यं पाठ करण्याला माझा विरोध नाही, वेळेला आहे. एका दमात म्हटलेल्या वीस नावांत सारणी कुठेच नसते. वीसच्या वीस घडाघडा म्हणणाऱ्या मुलाला लिथियमखाली काय येतं विचारा, तो बोटं मोजू लागतो. मांडणी झाल्यावर पाठ करून घ्या, आणि तेही ओळीओळीने: हेलियम, निऑन आणि आर्गॉननंतर ठळक थांबा. त्याच दिवशी उभंही म्हणून घ्या: लिथियम, सोडियम, पोटॅशियम.

थांबायला लावणारे हे तीन वायू दुसऱ्या तासाला द्या: हेलियम ४, निऑन २०, आर्गॉन ४०, तिघांचाही क्लोरीनचा आकडा ०. निऑन सहज बसतो, १ आणि १ च्या मधे. आर्गॉन अडतो. वजनाने तो पोटॅशियमच्या पुढे जायला हवा, वागणुकीने मागे. नेमके आकडे द्या: पोटॅशियम ३९.१०, आर्गॉन ३९.९५. मुलांना वाद घालू द्या. मेंडेलीव्हपुढे टेल्युरियम १२७.६ आणि आयोडीन १२६.९ यांचा असाच पेच होता; त्याने वागणुकीची बाजू घेतली आणि वजन मोजण्यात चूक असावी असं धरलं. वजनं ठीक होती, क्रम लावायचं मापच दुसरं हवं होतं. ते मोझली या ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञाने १९१३ मध्ये क्ष-किरणांच्या साहाय्याने दाखवलं. अणुअंक सांगायची वेळ ही. आता मुलांनी प्रत्येक कार्डाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने आकडा लिहायचा, आर्गॉन १८, पोटॅशियम १९.

मोठ्या तक्त्याकडे जाताना ही मांडणी आठ स्तंभांच्या कागदावर चिकटवा आणि दुसऱ्या व तिसऱ्या स्तंभाच्या मधे कात्रीने कापा. दोन्ही तुकडे दूर सरकवून मधे दहा स्तंभांची पट्टी बसवा. बेरिलियम आणि बोरॉनच्या मधे एवढी मोकळी जागा का, हा प्रश्न मग उरत नाही.

हायड्रोजन कुठे ठेवायचा, असं तुम्ही शेवटी विचारलं आहे. त्याचं कार्ड सगळ्यात शेवटी द्या आणि मांडणीच्या वर सुटं राहू द्या. बहुतेक तक्त्यांत तो लिथियमच्या वर असतो, पण तो अल्क धातू नाही, हे स्पष्ट सांगा. एखाद्या मुलाने तो फ्लुओरीनच्या वर ठेवला तर खोडू नका, कारणं विचारा. तो वायू आहे, अधातू आहे, दोन-दोन अणूंच्या रेणूंत राहतो आणि त्याचाही आकडा १ आहे, असं ते मूल सांगेल, आणि यातलं प्रत्येक कारण खरं आहे.