‘कुठलंही फोरजी कार्ड चालतं’ म्हणणाऱ्यांनी आधी कार्डावरचं लेबल वाचावं

सिंहगडाच्या पायथ्याशी डोणज्यात माझे मामा राहतात. त्यांच्या गल्लीपर्यंत फायबर अजून आलेलं नाही, म्हणून ते सिमवर चालणारा नेटचा राउटर घरीच जोडत होते. गेल्या रविवारी त्यांचा फोन आला. “अरे, कार्डाचा दिवा लागतोय, सिमही ओळखतंय, पण नेटवर्क काही येत नाही. चार रात्री बसलोय. माझंच काहीतरी चुकत असणार.”

त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. चूक होती महिनाभर नातेवाइकांच्या ग्रुपांवर फिरणाऱ्या ‘घरचा राउटर घरीच बनवा’ या मेसेजची. त्यात म्हटलंय की जुना कॉम्प्युटर किंवा रास्पबेरी पाय (हातावर मावणारा छोटा कॉम्प्युटर) घ्या, कुठलंही फोरजी मॉडेम कार्ड, म्हणजे सिमवरून नेट पकडणारं कार्ड, आणा, कारण ‘फोरजी जगभर एकच असतं’. ते स्लॉटमध्ये बसवा, पुढचं सगळं लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम आपोआप करते, आणि कार्डाची ‘कॅटेगरी’ जितकी मोठी तितका वेग जास्त. यावर विसंबून सत्तरीच्या माणसाने साडेतीन हजार रुपये घातले आणि वर दोष स्वतःला देत बसला. म्हणून हे लिहितोय.

‘फोरजी जगभर एकच’ हे वाक्य ज्याने लिहिलं त्याने मॉडेमचं लेबल आयुष्यात वाचलेलं नाही. फोरजी हे तंत्र एक आहे, पण ते कुठल्या फ्रिक्वेन्सीवर चालतं हे देशागणिक बदलतं. या फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्यांना बँड म्हणतात आणि प्रत्येकाला क्रमांक असतो. आपल्याकडे फोरजीची मुख्य भिस्त आहे बँड ३ (१८०० मेगाहर्ट्झ), बँड ५ (८५०), बँड ८ (९००) आणि बँड ४० (२३००) यांच्यावर. २०१२ साली पुण्यात पहिल्यांदा फोरजी आलं तेसुद्धा २३०० मेगाहर्ट्झवरच.

मामांनी मागवलेलं कार्ड होतं क्वेक्टेलचं ईसी२५-ए. शेवटचा ‘ए’ उत्तर अमेरिकेचा. खुद्द कंपनीच्या स्पेसिफिकेशनमध्ये त्याचे फोरजी बँड दिले आहेत: २, ४ आणि १२. बस, तीनच. यातला एकही आपल्याकडे फोरजीसाठी वापरात नाही. म्हणजे कार्ड शाबूत, सिम शाबूत, टॉवर समोरच्या टेकडीवर, आणि तरी एकमेकांचं ऐकूच येत नाही. सेटिंग बदलून, ॲन्टेना हलवून, कार्ड पुन्हा पुन्हा काढून-घालून यात तसूभर फरक पडणार नाही. त्याच कार्डाचा ‘ई’ प्रकार मिळतो. दिसायला हुबेहूब तसाच, पण त्यात १, ३, ५, ७, ८, २०, ३८, ४० आणि ४१ हे बँड आहेत. लेबलवरच्या एका अक्षराने मामांच्या चार रात्री गेल्या.

याहून फसवं प्रकरण म्हणजे अर्धवट चालणारं कार्ड. जुन्या लॅपटॉपमधून निघणारं सिएरा वायरलेसचं ईएम७४५५ घ्या. त्यात बँड ३ आणि ५ आहेत, म्हणून नेट लागतं आणि माणूस खूश होतो. पण त्यात ८ नाही, ४० नाही. संध्याकाळी बँड ३ वर गर्दी झाली की त्याला ८ किंवा ४० वर सरकता येत नाही, आणि आपण शिव्या घालतो सिमच्या कंपनीला. त्याच कुळातलं ईएम७४३० आशियासाठीचं आहे, त्यात ८ आणि ४० दोन्ही आहेत. मॉडेम घेण्याआधी, ते जिथे बसणार त्याच खोलीत, त्याच कंपनीचं सिम फोनमध्ये घालून बँड दाखवणारं एखादं ॲप दोन-तीन वेगवेगळ्या वेळी उघडा. जे क्रमांक दिसतील ते कार्डात असलेच पाहिजेत. एवढी एक ओळ त्या मेसेजमध्ये असती तर मी गप्प बसलो असतो.

‘स्लॉटमध्ये बसवा’ हेही धड नाही. एम.२ नावाच्या स्लॉटमध्ये खाचेच्या जागेवरून प्रकार पडतात. मॉडेमला ‘बी’ लागतो, डेटा साठवणाऱ्या एसएसडीचा असतो ‘एम’, वाय-फायचा ‘ई’. जोर लावून कार्ड बसवायला गेलात तर कार्ड आणि मदरबोर्ड दोन्ही जातील. शिवाय बहुतेक फोरजी कार्डं यूएसबीवरून बोलतात, त्यामुळे रास्पबेरी पाय ५ च्या एसएसडीवाल्या एम.२ बोर्डचा इथे उपयोग नाही, त्यावर यूएसबी येतच नाही. सिमची जागा असलेला यूएसबी अडॅप्टर घ्या, पुण्यात तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत विचारलंत तर मिळून जाईल. आणि पाय ४ च्या चारही यूएसबी पोर्टना मिळून १.२ अँपिअरच मिळतो हे ध्यानात ठेवा. सिग्नल कमजोर असला की मॉडेम जास्त ओढतो आणि मधेच बंद पडतो. अडॅप्टरला वेगळी पॉवर द्यायची सोय असलेली बरी.

लिनक्सबद्दल मात्र मेसेज अर्धा खरा आहे, हे नाइलाजाने मान्य करतो. यूएसबीवरच्या बऱ्याच मॉडेमचे ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यातच, वर्षानुवर्षं आहेत. पण ओपन-डब्ल्यूआरटी हे राउटरसाठीचं लिनक्स टाकणार असाल तर त्यासाठीची पॅकेजेस बहुतेकदा वेगळी घालावी लागतात, आणि नेट नसताना ती कुठून उतरवणार? आधीच उतरवून ठेवा. लॅपटॉपमधल्या कित्येक कार्डांना तर सॉफ्टवेअरचं कुलूप असतं, ते उघडेपर्यंत रेडिओ सुरूच होत नाही. लिनक्सवर मॉडेम सांभाळणारा मॉडेममॅनेजर हा प्रोग्रॅम पूर्वी ते आपोआप उघडायचा. १.१८.४ आवृत्तीपासून ते तुम्हाला स्वतः चालू करावं लागतं.

कॅटेगरीचं काय? कॅट ४ ची कागदावरची मर्यादा १५० एमबीपीएस, कॅट ६ ची ३००. हा दुप्पट आकडा दोन वाहक (फ्रिक्वेन्सीचे दोन तुकडे) एकत्र जोडून येतो, आणि ती जोडी तुमच्या टॉवरवर असेल तरच. डोणज्यात आधी एक बँड नीट लागू दे.

मामांचं कार्ड परत घ्यायला विक्रेता तयार नाही. शनिवारी आम्ही दोघं ईसी२५-ई बघायला जातोय, आणि पैसे देण्याआधी लेबलचा फोटो मामा स्वतः काढणार आहेत. तो मेसेज त्यांनी पुढे ज्या सहा जणांना पाठवला होता, त्यांना काल रात्री एकेकाला फोन करून थांबवलं. एकाने ऑर्डर दिलेली होती, ती अजून निघाली नव्हती.