सेट म्हणजे नुसतं बसवणं?

नाशिकच्या सातपूरमधल्या कट्ट्यावर वाद पेटला तो सरांच्या एका आकड्यावरून. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाच्या १९८९च्या आवृत्तीत 'सेट' या एका क्रियापदाचे ४३०च्या वर अर्थ आहेत, असं ते म्हणाले. पुढे कोश सुधारताना 'रन' ६४५ वर गेला आणि सेटचा पहिला नंबर हुकला, हेही त्यांनी सांगितलं. पण तोवर सीएनसीवाला, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रावर काम बसवून देणारा सेटर पेटला होता.

"सर, अर्थ एकच. बसवणे. बाकीचे सगळे त्याच वाड्यातले भाडेकरू."

जॉब, म्हणजे घडवायचा तुकडा, सेट करायचा म्हणजे चकात (पकडीत) धरायचा, डायल लावून रनआउट, म्हणजे फिरताना किती डगमगतो ते, बघायचा, मग झिरो (मापाची सुरुवात) घ्यायचा. टूल सेट करायचं म्हणजे टोक जॉबला टेकवून आलेलं माप यंत्राच्या ऑफसेटच्या, म्हणजे माप दुरुस्तीच्या, पानावर भरायचं. "आणि घोळ कुठे होतो? लेथवर एक्सचं (आडव्या दिशेचं) माप व्यासाचं असतं. जॉब ०.०४ मिलिमीटर मोठा आला की नवा पोरगा त्रिज्येचा हिशोब करून ०.०२च कमी करतो. पुढचा जॉब परत ०.०२ मोठा. वजाऐवजी अधिक मारलं तर ०.०८! बसवलं, पण चुकीच्या जागी बसवलं. एवढंच."

दिंडोरीकडे द्राक्षबाग असलेल्या अण्णांना हे पटेना. "आमच्या वेलीवर मणी कोण बसवतो रे? ऑक्टोबर छाटणीनंतर साधारण चाळीस दिवसांनी फुलोरा येतो. फुलं झडून बारीक मणी धरले की आम्ही म्हणतो, सेटिंग झालं. नेमका तेव्हा पाऊस आला तर गळ नि कूज." सेटिंग कमी झालं तर घड विरळ. जास्त झालं तरी पंचाईत, मणी एकमेकांना दाबतात, फुगायला जागा नाही, विरळणीची मजुरी वाढते. म्हणून घड पोपटी असताना जीए (जिबरेलिक ॲसिड, वाढीचं संजीवक) १० पीपीएम (दहा लाखांत दहा भाग), चार-पाच दिवसांनी १५, म्हणजे देठ लांबतो आणि घड मोकळा होतो. पुढे मणी ३-४ मिलिमीटरचे झाले की ४० पीपीएममध्ये घड बुडवायचे. १०० लिटर पाण्यात १ ग्रॅम निव्वळ जीए म्हणजे १० पीपीएम. पावडर थेट पाण्यात टाकली तर नीट विरघळत नाही, आधी थोड्या अल्कोहोलमध्ये विरघळवावी लागते. "हे सगळं आम्ही करतो, पण मणी आपोआप बसतो. बसवत नाही कुणी."

"सिमेंटचं तसंच," मिस्त्री म्हणाले. साध्या सिमेंटचं सेटिंग अर्ध्या तासाच्या आत सुरू व्हायला नको आणि दहा तासांच्या आत संपायला हवं, असं मानक आहे. पण सेट होणं वेगळं आणि ताकद येणं वेगळं; ती पुढे कित्येक दिवस येत राहते. माल घट्ट व्हायला लागला की गवंडी वरून पाणी ओततो, थापी छान फिरते, पण ताकद जाते. "आणि सिमेंट वाळत नाही, पाण्याशी रासायनिक क्रिया होऊन घट्ट होतं. 'वाळलं' म्हणणारा माणूसच पाणी मारायचं विसरतो." (मला विचाराल तर अख्ख्या चर्चेतलं सर्वांत कामाचं वाक्य हेच.)

सरांनी दोघांनाही निम्मे मार्क दिले. इंग्रजीत 'सिट'चं प्रयोजक रूप 'सेट', जसं आपलं बसणे-बसवणे. हाड बसवणे, कोंबडी अंड्यांवर बसवणे, दोन्हीकडे इंग्रजीत सेटच चालतं. फरक इतकाच, की इंग्रजीने पुढे सिमेंटच्या आपोआप 'बसण्या'लाही सेटच वापरलं. आपण दोन रूपं वेगळी ठेवली.

"बघा, एकच अर्थ!" सेटर खूश.

"थांब. सहा कपांचा सेट घे. तो कुठे बसवतोस? तो शब्द लॅटिन 'सेक्ता'वरून फ्रेंचमार्गे आला. मूळ अर्थ अनुयायांचा गट, पंथ. पुढे क्रियापदाच्या संगतीत दोघांची सरमिसळ झाली."

"म्हणजे पान्यांचा सेट आणि सेट केलेला पाना सख्खे भाऊ नाहीत?"

"आडनावबंधू."

मिस्त्रींनी मध्येच प्राध्यापकीसाठीच्या नेट-सेट परीक्षेचं विचारलं. सर म्हणाले, ती आद्याक्षरं आहेत, मोजायची नाहीत. मग अण्णांनी खडा टाकला. 'हापिसात सेटिंग लावली' यातलं सेटिंग कुठल्या खात्यात घालणार? सर अडले. असलं सेटिंग इंग्रजीत नाही, ते आपल्याकडचं पीक. सेटर मात्र हटेना. "लावली म्हणजेही बसवलीच की!"

"मग आधी 'लावणे'चे मोज," अण्णा म्हणाले. "दिवा लावला की उजेड होतो, दार लावलं की अंधार. झाड लाव, कुलूप लाव, विरजण लाव, हळद लाव, सवय लाव, वाट लाव..."

सेटरने बोटं मोजायला सुरुवात केली. दुसऱ्या हाताची बोटं संपल्यावर त्याने मिस्त्रींचा हात मागितला.